सुपर नेपियरचे एक हजार डोळे: चार-पाच वर्षं वापरल्यानंतरचा अभिप्राय

सुपर नेपियर या उंच वैरणीच्या गवताचे एक हजार डोळे (डोळा म्हणजे कांडीवरची कोंब फुटायची जागा), डोळ्याला दोन रुपये, ट्रॅव्हल्सचं भाडं वेगळं. माझी ऑर्डर जून २०२३ ची, पण विक्रेता घरच्यांच्या ओळखीचाच. आमच्या तात्यांनी, म्हणजे धाकट्या चुलत्यांनी, याच्याकडूनच जून २०२० मध्ये वीस गुंठ्यांचं बेणं नेलं होतं. तेव्हा हा अभिप्राय एका पार्सलवरचा नाही. हे गवत रानात, गोठ्यात, ओढ्यात आणि कुंडीत नांदवल्यानंतरचा आहे. विक्रेत्याचं नाव देत नाही. असे पुष्कळ आहेत आणि जाहिरातही सगळ्यांची एकच: दोन पुरुष उंचीच्या गवताशेजारी पांढऱ्या टोपीतला शेतकरी हात वर करून उभा, आणि खाली मोबाइल नंबर.

माझं म्हणाल तर मी कृषी विद्यापीठात पीएचडी करते. गॅस, इथेनॉल, डिझेल यांच्यासाठी म्हणून जी पिकं आणली जातात, ती शेताबाहेर पडून तण होण्याचा धोका किती, हा विषय. प्रबंधावरचं नाव याच्या तिप्पट लांब आहे. तात्या पाहुण्यारावळ्यांना दोन शब्दांत सांगतात, "आमची पोर गवतावर डॉक्टर होनार हाय."

आधी मालाबद्दल. माल म्हणून तक्रारीला जागा नाही, हे कबूल करायला मला जड जातं, पण आहे ते आहे. पहाटे साडेपाचला हायवेच्या फाट्यावर ट्रॅव्हल्स थांबली, क्लीनरनं डिकीतून तीन ओली बारदानं खाली ढकलली आणि सहीबिही न घेता गाडी निघून गेली. बारदानात हात घातला तर आत गरम, आणि मुरघासाचा खड्डा उघडल्यासारखा आंबूस वास. म्हटलं, गेले दोन हजार. होस्टेलच्या गच्चीवर ताडपत्री पसरून मी आणि माझी ज्युनिअर मोजायला बसलो. भरले १०६४ डोळे. चौसष्ट वरकड, न मागता. त्यातले काळे पडलेले, ठेचलेले ११८. बाकी बेणं अंगठ्याएवढं जाड, बहुतेक दोन डोळ्यांची कांडी, दोन्ही टोकांना शेणमाती लिंपलेली. कापही तिरका आणि स्वच्छ, कोयत्याच्या एका घावाचा. कुंड्यांत लावल्यावर पंधरा दिवसांत शंभरातले नव्वद तरी उगवले. उसाच्या बेण्याला अशी उगवण मिळाली तर आमच्याकडचा माणूस बेणं देणाऱ्याला घरी जेवायला बोलवेल.

आणि ते ११८ काळे डोळे? ते एका बारदानात कोंबून हरितगृहामागच्या कोब्यावर टाकले आणि विसरले. मधे दोन पाऊस झाले. आठ-दहा दिवसांनी झारी आणायला गेले तर बारदानाच्या विणीतून हिरव्या सुया बाहेर आलेल्या. खाली सिमेंट, वर गोणपाट, मातीचा कण नाही. वाकून एक कांडी ओढली तर खालच्या डोळ्यापाशी पांढऱ्या मुळ्यांचा झुबका सुटलेला आणि तो तागाच्या धाग्यांत असा गुंतलेला की कांडीबरोबर बारदानच उचललं गेलं. आमच्या मॅडमना, म्हणजे मार्गदर्शकांना, दाखवलं. त्या म्हणाल्या, "आधी फोटो काढ, मग जाळ." ओलं बारदान जळेना, ही वेगळी कथा.

आता तात्यांचं गवत. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. लॉकडाऊनच्या आधी, जानेवारी २०२० मध्ये, तालुक्याला एका मंगल कार्यालयात मीटिंग झाली होती. प्रोजेक्टर, चहा, बिस्किटं. कचरा, शेण, काडीकचरा, गवत अशा मालापासून गॅस करायचा आणि तो गाड्यांना इंधन म्हणून विकायचा, अशी केंद्राची 'सतत' नावाची योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली, तिच्यात ५००० प्रकल्पांचं लक्ष्य ठेवलं, इथवर सांगितलेलं सगळं खरं होतं. पुढचं मात्र त्याला चिकटवलेलं होतं: आपल्या भागात प्रकल्प येणारच, गवत टनाला हजार रुपयांनी बांधावरून उचलणारच, आधी सभासद व्हा, मग बेणं घ्या. तात्या सभासद झाले. प्रकल्पाच्या जागेवर अजून फलक उभा आहे आणि फलकाभोवती गाजर गवत माजलंय. प्रकल्पवाले वेगळे आणि बेणंवाला वेगळा, असं बेणंवाला म्हणतो. मीटिंगमध्ये दोघं एका सतरंजीवर बसले होते, असं तात्या म्हणतात.

गॅस राहिला, गवत जनावरांना जायला लागलं. इथंही नावं ठेवायला फारसं काही नाही. पन्नासेक दिवसाला कापणी, पाणी असेल तर उन्हाळ्यातही थांबत नाही. चार जनावरांच्या वैरणीची ददात मिटली. काकींचं मत जरा निराळं: "पानं खात्यात, दांडकी गव्हाणीत ठेवत्यात. कुट्टी केल्याबिगर म्हस तोंड लावत न्हाय." कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा लागतो. पानाची कड ब्लेडसारखी आणि देठावरची लव अंगाला लागली की रात्रभर खाज. जाहिरातीतल्या शेतकऱ्यानं हात वर का केलाय, ते मला तेव्हा कळलं.

पण तात्यांनी वीस गुंठे लावून जे बेणं उरलं, त्याच्या चार सऱ्या ओढ्याच्या काठावर मारल्या. "जागा वाया कशाला घालवायची?" जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पूर आला. नदीचं पाणी ओढ्यात उलटं चढलं आणि आठवडाभर तुंबून राहिलं. ऊस कुजला, सोयाबीन गेलं. काठावरचं नेपियर आडवं झालं, मोडलं, वाहून गेलं. तात्या म्हणाले, गेलं तर गेलं. दिवाळीला मी गावी आले तर पुलाखालच्या गाळात नेपियर उभं. त्याच्या खाली, भावकीतल्या एकाच्या मोटारीच्या फूटवॉलपाशी, आणखी एक बेट. पुढच्या वर्षी प्रवेश घेतल्यावर पहिल्या पाहणीला मी लांब कुठं गेले नाही, आमच्या ओढ्यातच उतरले. आमच्या रानापासून नदीपर्यंत, जेमतेम एक किलोमीटर, सदतीस बेटं मोजली. त्यांतलं एकही कुणी लावलेलं नव्हतं.

मग मी विक्रेत्याला फोन केला. याची सेवा उत्तम आहे, दुसऱ्या रिंगला फोन उचलतो, रविवारीसुद्धा.

"दादा, सुपर नेपियर मारायचं कसं?"

"लावायचं म्हणताय का ताई?"

"नाही, मारायचं. समूळ काढायचंय."

जरा वेळ नुसता गाडीचा हॉर्न ऐकू आला. मग म्हणाला, "ताई, मरत नाही ते. तोच तर फायदा आहे. एकदा लावा, सात वर्षं बघायला नको."

"आणि आठव्या वर्षी?"

"आठव्या वर्षी पण येतं, ताई."

हे उत्तर मी प्रबंधात घालू शकत नाही, म्हणून इथं घातलं.

"तण होईल का?" याला त्याचं दुसरं ठरलेलं उत्तर आहे: "ताई, संकरित आहे, बी धरत नाही." हे अर्धं खरं आहे. बाजरीची गुणसूत्रं १४, नेपियरची २८. दोघांचा संकर केला की येतात २१, तीन संच. जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून बी होत नाही. कोइमतूरचे को-४, को-५ किंवा राहुरीचं फुले जयवंत हे असे बाजरी-नेपियर संकर आहेत. अमेरिकेत आणि युरोपात इंधनासाठी ज्या जायंट मिस्कँथस नावाच्या गवतावर एवढा भर दिला, त्याचीही हीच गोष्ट: तीन संच, ५७ गुणसूत्रं, वांझ. जो तो वांझपणाचा दाखला हातात घेऊन फिरतो.

कॅलिफोर्नियातल्या नद्यांना मात्र हा दाखला कुणी वाचून दाखवलेला नसावा. तिथं अरुंडो नावाचं बांबूसारखं उंच गवत आहे. ते तिथं रुजेल असं बी धरतच नाही. तरी सांता आनासारख्या नदीचे काठ त्यानं गिळले आणि ते काढायला लाखो डॉलर गेले. पूर येतो, कांड्या आणि मुळांचे गड्डे मोडून वाहतात, गाळात अडकतात, फुटतात. हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सांता आना दिसलीच नाही, आमच्या पुलाखालचा गाळ दिसला. जे गवत डोळ्यावर विकलं जातं आणि डोळ्यापासून येतं, त्याला बी नाही म्हणून निर्धास्त राहायचं, हा कुठला हिशेब?

शिवाय 'संकरित' हेही मी तपासलं. कुंडीतल्या ठोंबांची कोवळी मुळं सकाळी काढायची, प्रक्रिया करून ठेवायची, मग टोकाचा मिलिमीटरभर तुकडा काचेवर घेऊन ॲसिटोकार्मिन या लाल रंगद्रव्याच्या थेंबात सुईनं ठेचायचा, वर झाकणकाच, त्यावर टिपकागद आणि अंगठ्यानं दाब. काच सरकली की सकाळ फुकट. जमलं तर सूक्ष्मदर्शकाखाली लाल-जांभळ्या काड्या पसरलेल्या दिसतात, हळदीकुंकवाला कुणी तीळ सांडावेत तशा, आणि त्या मोजायच्या. मी सात ठोंबांच्या मोजल्या. पाचांत २१. दोनांत २८. म्हणजे दोन ठोंब संकर नव्हतेच, साधं नेपियर होतं. त्याला तुरा आला तर बी धरायची शक्यता उरते. थोडंच धरतं, पण "धरतच नाही" या बोलीवर पैसे मोजलेत ना? विक्रेत्याला सांगितलं. तो म्हणाला, "दोनच निघालेत ना? वर चौसष्ट डोळे जास्त दिलेत की तुम्हाला." ऊसवाल्यांकडेही बेण्यात भेसळ निघते, पण असा वटाव कुणी देत नाही.

त्याचं पत्रक मी अजून जपून ठेवलंय. मागच्या बाजूला तांबड्या अक्षरात गुण छापलेत: झपाट्यानं वाढतं, कीड नाही, रोग नाही, कसल्याही जमिनीत येतं, पाणी कमी लागतं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुटत राहतं. पहिल्या सत्रात मॅडमनी फळ्यावर 'जोरकस तणाची लक्षणं' लिहिली होती. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितली. फक्त तांबडा रंग नव्हता. हे काही माझं शोधकार्य नव्हे. २००६ साली 'सायन्स' नियतकालिकात काही संशोधकांनी हेच मांडलं होतं, की आदर्श ऊर्जापिकात आपण जे शोधतो, तेच गुण आक्रमक वनस्पतीत असतात. २००९ मध्ये हवाई बेटांसाठी प्रस्तावित इंधनपिकांची इतर आयात वनस्पतींशी तुलना झाली, तेव्हा इंधनपिकं बाहेर पडून स्थिरावण्याची किंवा आक्रमक होण्याची शक्यता दोन ते चार पट निघाली. तपासायची रीतही तयार आहे. ऑस्ट्रेलियाची ४९ प्रश्नांची यादी जगभर वापरतात: दुसऱ्या देशात तण झालंय का, तुकड्यापासून येतं का, पाण्याबरोबर पसरतं का, कापलं-जाळलं तर पुन्हा फुटतं का. गुणांची बेरीज सहाच्या वर गेली की नापास. इथं जास्त गुण मिळवणारा घरी जातो, हे तात्यांना फार आवडलं.

नेपियर फ्लोरिडात आक्रमकांच्या यादीत आहे. तरीही २०१३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं नेपियर आणि अरुंडोपासून केलेल्या इंधनाला मान्यता दिली. पण बरोबर अट घातली: गवत शेताबाहेर जाणार नाही याची योजना आधी दाखवा, लक्ष ठेवा, निसटलं तर आवरा. म्हणजे पीक नको असं नाही, पण लगाम दाखवा. माझ्या दोन हजारांच्या कच्च्या पावतीवर मागे देवीचा फोटो आहे. योजना म्हणून तोच धरावा लागेल.

आमच्या गावाला हे सगळं नवीनही नाही. आजोबांच्या काळात सुबाभूळ आली. चारा, सरपण, सगळं देणारी म्हणून. ती जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमकांच्या यादीत जाऊन बसली, आमच्या शाळेच्या कुंपणात तर आधीपासूनच बसलेली. नंतर मोगली एरंड आला, डिझेल देणार म्हणून. त्यानं डिझेल दिलं नाही, पण निदान तो जागचा हलला नाही. शेळ्या खात नाहीत म्हणून बांधाला उभा आहे, बिया विषारी म्हणून पोरांना ओरडावं लागतं, एवढंच. प्रत्येक पीक उंडारतंच असं नाही, आणि हेच शोधायला मला पगाराविना इतकी वर्षं लागतायत.

म्हणून नेपियरबद्दलही न्यायानं बोलते. तात्यांच्या माळावरच्या मुरमात दोन सऱ्या लावल्या होत्या, पाणी फिरलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेल्या, धसकटं हातानं उपटली. वीस गुंठ्यांच्या मधलं गवत आजवर एक फूट बाहेर सरकलेलं नाही. ज्या गवताच्या पायाशी वाहतं पाणी होतं, तेच पळालं. म्हणजे सगळा खेळ चार सऱ्या कुठं मारल्या याचा. आणि हे पत्रकावर एका ओळीत छापता आलं असतं: ओढा, पाट, नदी यांच्या काठाला लावू नये. तेवढी जागा त्या हात वर केलेल्या शेतकऱ्याच्या धोतराशेजारी रिकामी आहे.

काढायचं म्हणाल तर जानेवारी २०२४ मध्ये आम्ही सुरुवात केली. ओढ्यातलं पाणी उतरल्यावर तीन गडी, कुदळ, पहार. एका बेटाला अर्धा दिवस. खालचा गड्डा म्हशीच्या डोक्याएवढा, गाळानं भरलेला, दोघांनी उचलायचा. पाण्याशेजारी तणनाशक मारायला मॅडमनी सक्त मनाई केलेली, त्यामुळे जे करायचं ते हातानं. पहिल्या दिवशी काढलेले गड्डे बांधावर रचले. ज्यांची मुळं वर उन्हाला होती ते वाळले, जे मातीला टेकले ते महिन्याभरात पुन्हा हिरवे. दुसऱ्या खेपेला सगळे खडकावर नेऊन टाकले. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: कुट्टी यंत्राचं पातं बोथट असेल तर डोळ्याचा अख्खा तुकडा निसटतो, गव्हाणीतून उकिरड्यात जातो, आणि शेणखताबरोबर भलत्याच रानात उगवतो. काकींच्या वांग्यात तीन निघाले. काकींनी त्या दिवशी माझ्या शिक्षणाबद्दल जे विचारलं ते लिहीत नाही.

सदतीस बेटांतली आज अकरा शिल्लक आहेत. त्यावर काळी ताडपत्री अंथरून कडेनं दगड ठेवलेत. मधे कुणीतरी दोन ताडपत्र्या नेल्या, तिथलं पुन्हा फुटलं.

तर घ्यावं का? जनावरांसाठी हवं असेल, रान पाण्याच्या वाटेपासून लांब असेल, तर घ्या, पण विद्यापीठाकडून ठोंब घ्या. जात कोणती ते तरी नक्की कळतं. गॅसच्या प्रकल्पासाठी कुणी लावायला सांगत असेल तर प्रकल्पाची टाकी हातानं वाजवून बघा, मग बेणं घ्या. उगवणीला मी पाच तारे देते, मोजमापाला पाच, फोन उचलण्याला पाच. बी धरत नाही या बोलीला अडीच, कारण अर्धं खरं आहे. उरलेलं बेणं कुठं टाकायचं हे न सांगण्याला एकही नाही.

परवा त्याचा मेसेज आला. लाल पानांचं नवीन नेपियर आलंय, जुन्या गिऱ्हाईकाला दीड रुपयाला डोळा. मी तो तात्यांना दाखवायला नको होता. तात्यांनी चष्मा वर करून फोटो दोनदा बघितला आणि म्हणाले, "रंग झ्याक हाय गं. शंभर डोळं आणून तर बघू. आन् पत्ता तुझ्या होस्टेलचा दे, मोजून, तपासून, मगच गावाकडं धाड. वढ्याकडं न्हाय लावत, आईशप्पत."